आम्ही गुदगुल्या विकत नाही

आमच्या दुकानाच्या मासिक पत्रकावर शहराचं नाव नसतं. पत्ता एवढाच असतो: पाण्याच्या टाकीसमोर, पिठाच्या गिरणीशेजारी. पूर्वी नाव असायचं. मग शहराचं नाव बदललं आणि दुकानात येणारा माणूस पुस्तक बघायच्या आधी पत्रकावर कोणतं नाव छापलंय ते बघायला लागला. जुनं असलं की एक जण रागवायचा, नवं असलं की दुसरा. दुकानाचे मालक नईमभाई यांनी एक दिवस पेन घेतलं आणि ती ओळच खोडून टाकली. म्हणाले, "जिसको आना है, उसको टाकी मालूम है."

मला ते पटलं नव्हतं. माझं म्हणणं, माणसानं भूमिका घ्यावी. मी तशा घरात वाढले. माझे वडील कारखान्यात फिटर. ड्युटी सुटली की ते पत्रकं लिहायचे. वस्तीत नळ नाही, पोरांची शिष्यवृत्ती अडकली, मुकादमानं कुणावर हात उचलला. जे घडेल त्याचं पत्रक. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मांडणीवर डब्यांखाली अंथरलेली, माझ्या वह्यांना कव्हर म्हणून घातलेली. मी जोडाक्षरं त्यांच्यावरच शिकले. 'निषेध' हा शब्द मला 'नदी'च्या आधी वाचता आला.

एम.ए. झाल्यावर मी नईमभाईंकडे कामाला लागले, त्याला आता सहा वर्षं झाली. त्यांची सुरुवात रद्दीपासून. रद्दीत आलेली पुस्तकं त्यांना फाडवेनात, म्हणून त्यांनी एक कपाट केलं, कपाटाचं दुकान झालं. पुस्तकाच्या दुकानात काम म्हणजे दिवसभर वाचत बसणं, असं लोकांना वाटतं. दिवसभर आम्ही स्पर्धा परीक्षांची गाइडं विकतो. दुकान त्यांच्यावर चालतं. कथा-कादंबऱ्या, आत्मकथनं, कविता ही त्या गाइडांच्या आडोशाला जगतात. त्या आडोशातल्या पुस्तकांसाठी आम्ही महिन्याचं पत्रक काढतो.

ते म्हणजे एक गुलाबी कागद. गुलाबीच का, तर स्टेशनरीवाल्याकडे तोच पडून होता. पुढच्या बाजूला 'या महिन्यात दुकानात': लेखकाची भेट, मुलांसाठी गोष्टी, जुन्या पुस्तकांच्या अदलाबदलीचा रविवार. मागच्या बाजूला 'वाचा' असं शीर्षक आणि खाली पाच पुस्तकं, प्रत्येकी चार ओळी. खाली माझं नाव आणि मोबाइल नंबर. झेरॉक्स काढायच्या, प्रत्येक पिशवीत एक टाकायची, रिक्षा स्टँडवर द्यायच्या, गिरणीत दळणाच्या डब्यांवर ठेवायच्या.

कार्यक्रम ठरवणं सोपं नसतं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. किती दिवसांनी येणार ते वसाहतीवर अवलंबून, आणि ठरलेलंही चुकतं. एकदा पुण्याहून एक कवी आले होते. त्यांची चौथी कविता चालू असताना कुणाचा तरी फोन वाजला, तो माणूस उठून उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी आलं!" दोन मिनिटांत सगळा श्रोतृवर्ग पसार. कवींना वाटलं, कवितेचा निषेध झाला. समोर उरलो मी आणि नईमभाई. नईमभाई अदबीनं म्हणाले, "आप पढो सर, हमारे यहाँ टँकर आता." तेव्हापासून आम्ही वक्त्याची तारीख घेण्याआधी पाणी सोडणाऱ्या लाइनमनची घेतो.

अदलाबदलीच्या रविवारी एक निवृत्त मुख्याध्यापक येतात. त्यांनी वाचून परत आणलेल्या पुस्तकात छपाईच्या सगळ्या चुका लाल पेनानं दुरुस्त केलेल्या असतात आणि शेवटच्या पानावर गुण दिलेले असतात. एका नामवंत कादंबरीवर त्यांचा शेरा होता: 'शंभरपैकी सदतीस. पुन्हा बसावे.' ती प्रत लगेच गेली.

शिफारशींचं काम माझं. माझे नियम कडक होते. पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय शिफारस नाही. प्रकाशक ओळखीचा, लेखक शेजारचा, असलं काही चालणार नाही. आणि पुस्तकानं माणसाला जागं केलं पाहिजे. वेळ घालवायला पत्ते आहेत, मोबाइल आहे. नईमभाईंचा नियम एकच होता, रद्दीच्या काळापासूनचा. पहिल्याच दिवशी त्यांनी तो मला सांगितला. "गिराक के हात की किताब नै लेना, बेटा. दिखाना, समझाना, सब करना. हात में ली सो किताब उसकी."

कंडक्टरकाका आणि कमलमावशी आमचे पत्रकाचे गिऱ्हाईक. काका एसटीतून निवृत्त झालेले. वैजापूरच्या गाडीवर त्यांची हयात गेली. मावशी अंगणवाडीत होत्या. दोघं दर महिन्याला कार्यक्रमाला यायचे आणि मागच्या खुर्च्यांवर बसायचे. पुढं जागा असली तरी काका म्हणायचे, "कंडक्टरची जागा मागंच." वक्ता कितीही मोठा असो, शेवटी काकांचा हात वर. एकदा दुष्काळावरच्या कथांबद्दल तासभर भाषण झालं. काकांनी विचारलं, "ते समदं बरोबर हाय सर, पण ते पोरगं शेवटी घरी पोचलं का?" मी एखादा उतारा वाचून दाखवला की म्हणायचे, "पोरी, तुझा आवाज पार टपावर ऐकू येतो बघ."

मग काकांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: माणसाला मशीन जोडतात, रक्त बाहेर काढून साफ करतात आणि परत आत सोडतात. एका वेळेला चार तास. हलायचं नाही. वर पाणी मोजून प्यायचं. काका कार्यक्रमाला यायचे बंद झाले. मावशी एकट्या यायला लागल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा काकांचा निरोप घेऊन आल्या: "म्हणाले, पोरीला सांग, डॉक्टर आणि पाणीवाले एकाच शाळेत शिकलेत."

मावशींनी एक पद्धत पाडली. महिन्याच्या सुरुवातीला पत्रक घ्यायचं, उलटं करायचं, पाच शिफारशींतलं एक पुस्तक न्यायचं आणि ते त्या चार तासांत काकांना वाचून दाखवायचं. हळूहळू आजूबाजूच्या खाटांवरचेही ऐकायला लागले. मावशी अंगणवाडीतल्या, त्यांना वाचता छान यायचं, आवाज न चढवता. ही गोष्ट मला कळली तेव्हा मी फुलून गेले. आमचं पत्रक मशीनला जोडलेल्या माणसांपर्यंत पोचलं! वडिलांना मी हे अभिमानानं सांगितलं.

मी त्या महिन्यांत काय शिफारशी केल्या? गटारात उतरणाऱ्या माणसाच्या मुलानं लिहिलेलं आत्मकथन. तुरुंगातली पत्रं. एका जळालेल्या वस्तीची हकिगत. सगळी खरी पुस्तकं. त्यातलं एकही मी आज मागं घेणार नाही.

पाचव्या महिन्यात मावशी आल्या तेव्हा त्यांनी पत्रक उलटं केलंच नाही.

"पोरी, हसायचं काही हाय का?"

"काय झालं मावशी?"

"मागचं पुस्तक अर्धंच ऱ्हायलं. ती वस्ती जाळतात ना, तिथं. शेजारच्या खाटेवर अजिंठ्याकडचे एक भाऊ असतात, चहाचं हाटेल हाय त्यांचं. त्यांची बायको रडायला लागली. सिस्टर आली, म्हणाली, मावशी, बंद करा, पेशंटचं बीपी हालायलंय. मग हे म्हणाले, कमल, आपलं झालं वाचून समदं. आपण बघितलंय की ते. आता जरा हसायचं आण."

मी म्हणाले, "बघते." पण मला आत कुठंतरी लागलं होतं.

नईमभाईंनी तोवर मागच्या कपाटातून एक जुनं पुस्तक काढून मावशींच्या हातात दिलंही होतं. मुखपृष्ठ उडालेलं, विनोदी कथांचं. मावशींनी उभ्याउभ्या एक पान वाचलं आणि त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून हसत होत्या. "हे बरं हाय भाई. एका माणसाची म्हैस बसमधी चढवतेत."

ते पुस्तक मी ओळखत होते. त्यातल्या दोन कथांत आमच्या वस्तीतली माणसं येतात ती फक्त हसं होण्यासाठी. त्यांच्या तोंडी मुद्दाम तुटकी भाषा घातलीय आणि पाटलाच्या ओसरीवर सगळे त्यांना हसतात. लिहिणाराही हसतो.

"मावशी, हे नका नेऊ," मी म्हणाले. "यात आपल्या लोकांवर हसलेत."

"माहीत हाय मला. पूर्वी अशीच असायची पुस्तकं."

"मग?"

"ती पानं मी सोडून देईन. यांना कळायचं बी नाय."

"पानं सोडून वाचायचं पुस्तक मी देणार नाही," असं म्हणून मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

ओढलं नाही. पण घेतलं. मावशींची बोटं क्षणभर तशीच राहिली, पुस्तक धरल्यासारखी. मग मी बोलत सुटले. काय बोलले ते शब्दशः आठवतं, कारण पुढं मी तेच छापलं. आपल्याला शतकानुशतकं हसण्यावारी नेलं, आता आपणच ते हसणं विकत घ्यायचं का? दुकानात गाइडं बघणारी दोन-तीन पोरं होती, त्यातल्या एकानं टाळी वाजवली.

मावशी म्हणाल्या, "बरोबर हाय पोरी तुझं." पिशवीची घडी घातली, "जय भीम" म्हणाल्या आणि गेल्या.

ते पुस्तक नईमभाईंनी गल्ल्याच्या खाली ठेवलं. संध्याकाळी शटर ओढताना एवढंच म्हणाले, "हात की किताब ली तू ने."

"त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे का?"

"मालूम है. कपाट मेरा है."

"तरी दिलंत?"

"उनो किताब नै माँगे बेटा. चार घंटे माँगे."

मला राग आला. पुढच्या महिन्याच्या पत्रकात मी पाच शिफारशींच्या जागी एक टिपण लिहिलं. शीर्षक: 'आम्ही गुदगुल्या विकत नाही'. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात गाजलेलं लिखाण. विद्यापीठातल्या पोरांनी फोटो काढून पसरवलं. त्या महिन्याच्या कार्यक्रमाला खुर्च्या कमी पडल्या, लोक गिरणीच्या पायरीवर बसले. 'विनोद आणि अपमान' असा विषय होता. मी बोलले, आणि चांगलं बोलले. वडीलही आले होते.

मागच्या दोन खुर्च्यांवर कॉलेजातली मुलं बसली होती.

मावशी त्या महिन्यात आल्या नाहीत. नईमभाई दार वाजलं की बघायचे. "आएगी," म्हणायचे. गल्ल्याखालचं पुस्तक त्यांनी एकदा बाहेर काढलं, झटकलं आणि परत ठेवलं. आम्हाला मावशींचं घर माहीत नव्हतं, कोणता दवाखाना तेही नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाची चौकशी दुकानदार करत नाही. ती माणसं आपली आपण येतात, हे आम्ही धरूनच चाललेलो असतो. मी मात्र मनातल्या मनात मावशींवर नाराज होते. एवढं समजावून सांगितलं, तरी राग धरला म्हणायचं.

त्यानंतरच्या अदलाबदलीच्या रविवारी मुख्याध्यापक सर आले. लाल पेन खिशाला लावता लावता म्हणाले, "तुमचे कंडक्टर गेले की. आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. काल पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला."

मी त्याच दुपारी गेले. नईमभाई म्हणाले, "वो किताब ले जा." मी नेलं नाही. आता ते नेण्यात काय अर्थ होता?

दोन खोल्यांचं घर. काकांचा फोटो, एसटीच्या गणवेशातला. मावशींनी मला बघितलं आणि जवळ बसवून घेतलं. रागाचं नावही नव्हतं त्यांच्या बोलण्यात. तेच वाईट झालं. रागावल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

मी विचारलं, "मावशी, मग नंतर काय वाचलंत?"

"काय नाय."

"दुसरीकडून एखादं..."

"कुठून आणू? तीन दिवस दवाखान्यात, बाकीचे दिवस यांची उठबस. आणि खरं सांगू का, घरी आल्यावर मला तुझं पटलं. पोरगी खरं बोलली, म्हणलं. आपल्या माणसांची थट्टा आपणच काय म्हणून वाचायची? मग ते नको वाटाया लागलं. रडायचं बी नको, ते बी नको. तिसरं काय मागावं ते सुचंना. पुन्हा तुला तोंड दाखवायची लाज वाटली."

"लाज तुम्हाला?"

"मी म्हणाले होते ना, पानं सोडून वाचीन म्हणून."

मावशी चहाला उठल्या आणि स्टोव्हकडे तोंड करून बोलत राहिल्या.

"नुसतं बसायचो. मशीनचा आवाज ऐकत. हे विचारायचे, कमल, आज काय आणलंस? पहिल्या दिवशी म्हणलं, विसरले. दुसऱ्या दिवशी म्हणलं, दुकान बंद होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तर काय सांगू? म्हणलं, दुकानच बंद पडलं."

"बंद पडलं?"

"तोंडातून गेलं बाई. मग मागं कसं घेऊ? ते लई हळहळले. चांगलं दुकान होतं म्हणाले. समद्या खाटांना सांगितलं, आपलं दुकान बंद पडलं. ते चहावाले भाऊ म्हणाले, आजकाल वाचतंय कोण." मावशींनी कप माझ्या हातात दिला. "दीड महिना तसाच गेला. आठवड्याला तीनदा, चार-चार तास. एवढा बोलका माणूस, पण मशीनवर असला की बोलायला दम पुरायचा नाय. मी काही वाचलं असतं तर ऐकलं असतं."

मी हिशेब करायचं टाळलं. आजही टाळते. माझ्या टिपणाला टाळ्या पडत होत्या त्या दिवशी कोणता वार होता, हेही मी आठवून बघत नाही.

कुणी म्हणेल, आता ही पोरगी बदलली. नाही. त्या दोन कथांबद्दल माझं मत तेच आहे आणि ते मी कुठल्याही मंचावर सांगेन. पण मत सांगायला पुस्तक हातातून काढून घ्यावं लागत नाही. आणि हसायची दुसरी पुस्तकं असतात. आमचीच, आमच्या माणसांनी लिहिलेली, ज्यात आम्ही हसतो आणि कुणी आम्हाला हसत नाही. मावशी म्हणाल्या तिसरं काय मागावं ते सुचंना. ते सुचवणं हेच तर माझं काम होतं. पाच शिफारशी गाळून मी त्या जागी भाषण छापलं.

मी हे नईमभाईंना सांगितलं. ते ऐकत राहिले, मग वळून कपाट लावायला लागले. लावलेलंच कपाट परत लावत होते.

पंधरा दिवसांनी, शनिवारी, दुकानात ही गर्दी होती. कुठल्यातरी भरतीची जाहिरात निघाली होती आणि गाइडांसाठी पोरांची रांग दारापर्यंत लागली होती. माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"पत्रकावर नंबर होता, त्या ताई का?"

"हो. बोला."

"मी शेंद्र्याहून बोलतोय. कंडक्टरकाका माझे चुलते. ते गेले, कळलं असंल तुम्हाला."

"हो."

"मला जरा उशीरच झाला फोन कराया, दहा दिवस गावाकडंच होतो. त्यांनी जायच्या आधी मला बोलावून सांगितलं होतं. म्हणाले, पुस्तकाचं दुकान बंद पडलंय, ती पोरगी बसून असंल. शिकलेली हाय. तुझ्या कंपनीत बघ कुठं चिकटवता येतं का. तुमचा तो गुलाबी कागद उशाखालून काढून दिला मला, नंबर टिपून घे म्हणाले."

मी गल्ल्याला हात टेकला.

"तर ताई, पॅकिंगला एक जागा हाय. सुपरवायझर माझ्या ओळखीचा. लई मोठं काम नाय, पण पीएफ कापतात, बस हाय आणायला-सोडायला. मी त्याला सोमवारपर्यंत थांबवून ठेवलंय. काकाचा शब्द हाय, म्हणून म्हणलं फोन करावा."

रांगेतला एक पोरगा ओरडला, "ताई, गणिताचं आहे का? नवीन आवृत्ती?" मागून दुसरा म्हणाला, "अरे, लाइन में आ ना!"

पलीकडून पुतण्या म्हणाला, "लई गलका येतोय. कुठं हाय तुम्ही?"

मी सहा वर्षांत त्या पत्रकावर एक खोटा शब्द छापला नव्हता. नईमभाई माझ्याकडे बघत होते. मी फोन तोंडाशी धरला आणि म्हणाले, "बाजारात आहे दादा. भाजी घ्यायला आलेय."

"बरं बरं. मग सोमवारी?"

"सोमवारी सांगते," मी म्हणाले.